सहा आठवड्यांचा प्रश्न

माझ्या आजीची थोरली बहीण कल्याणात बाळंत झाली आणि पंधराव्या दिवशी गेली. घरात सगळे ‘बाळंतरोगानं गेली’ म्हणत. मृत्यूच्या उताऱ्यात मात्र कारण आहे ‘ताप’.

लिहिणाऱ्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या आरोग्य अहवालांत मृत्यूची कारणे ठरावीक असत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, इतर. बाळंतिणीला वेगळा रकाना नव्हता. पुढच्या नोंदींवरही त्याच वळणाची छाप दिसते. कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचे पहिले मूल दहा दिवसांत गेले. १८८६ साली अमेरिकेत त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. (या प्रबंधापेक्षा त्यांच्या नऊवारीवर जास्त लिहिले गेले, हे जाता जाता.)

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूच्या अहवालात स्त्रीसाठी एक खास प्रश्न असतो : मृत्यू गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतर सहा आठवड्यांत झाला का? तो कोरा राहिला की बाई मोजणीतून गेली. शिवाय नोंद होते ती मृत्यू घडला तिथे. डोंबिवलीची सून बाळंतपणाला माहेरी कोकणात जाते, किंवा अवघडल्यावर ठाण्याला आणि तिथून मुंबईला हलवली जाते. ती दगावली, तर नोंद डोंबिवलीत नसते.

म्हणून देशाचा आकडा नमुना नोंदणी पद्धतीतून काढतात. निवडक गावांत आणि शहरी वस्त्यांत स्थानिक माणूस सतत नोंद ठेवतो, दर सहा महिन्यांनी दुसरा घरोघर फिरून ती स्वतंत्रपणे पडताळतो. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात १४९ वरून ३३. ही घट मोठीच आहे. पण नमुन्यात असे मृत्यू इतके थोडे सापडतात, की तीन वर्षे एकत्र धरावी लागतात. त्यातून एकट्या ठाणे जिल्ह्याचा दर निघत नाही.

प्रत्येक मृत्यूमागचे कारण शोधायची चाल इंग्लंड-वेल्समध्ये १९५२ पासून आहे. आपल्याकडे मातामृत्यू परीक्षणाची राष्ट्रीय मार्गदर्शिका २०१० मध्ये आली. मरणाच्या दारातून परतलेल्या बाळंतिणींच्या परीक्षणाची तर २०१४ मध्ये.

आजीच्या बहिणीचा मुलगा जगला. त्याची जन्मनोंद त्याच कचेरीत, दुसऱ्या वहीत आहे. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर मधले पंधरा दिवस दिसतात.