साडेचार टक्क्यांची गोष्ट

हायड्रोजनवरच्या गाडीची बातमी आली की आमच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "पाण्यापासून इंधन मिळतंय, मग घोडं अडलंय कुठे?"

अडलंय टाकीपाशी. एक किलो हायड्रोजनमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते. पण नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला त्याला सुमारे १२ हजार लिटर जागा लागते. म्हणून गाड्यांमध्ये तो हवेच्या ७०० पट दाबाखाली कोंबतात, किंवा उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. दोन्ही उपाय खर्चिक.

तिसरी वाट १९९९ साली दिसली. अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटाने जस्ताचे सांधे आणि कार्बनी रेणूंच्या काड्या जोडून एक सच्छिद्र जाळी बनवली. तिचं नाव एमओएफ-५. तिच्या दोन-तीन ग्रॅम पुडीत आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढं! या भिंतींना वायू चिकटला तर कमी दाबातही जास्त साठा होईल, ही कल्पना.

जानेवारी २००३ मध्ये अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजन गाड्यांच्या संशोधनासाठी १२० कोटी डॉलर्सचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात याघींच्या गटाचा शोधनिबंध आला: एमओएफ-५ वजनाच्या ४.५ टक्के हायड्रोजन धरते. मात्र उणे १९५ अंशांना.

मला खरा रस आहे तो पुढच्या भागात. २००४ मध्ये याघींच्याच गटाने साध्या वातावरणीय दाबाला पुन्हा मोजलं, तर आकडा आला फक्त १.३ टक्के. आणि तो त्यांनी छापला. झाकून ठेवला नाही. मग २००७ मध्ये बर्कलीच्या जेफ्री लाँग यांच्यासोबतच्या कामातून कळलं की हवेतला ओलावा लागला की ही जाळी बिघडते. ओलावा न लागू देता बनवलेल्या जाळीने ४० बार दाबाला ७.१ टक्के हायड्रोजन धरला. तोही तशाच कडाक्याच्या थंडीत. घरातल्या तापमानाला हायड्रोजन भिंतींना इतका हलका चिकटतो की फारसा टिकतच नाही. ते कोडं आजही पुरतं सुटलेलं नाही.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल याघी, रिचर्ड रॉबसन आणि सुसुमु कितागावा यांना याच जाळ्यांसाठी मिळालं. हायड्रोजनची टाकी अजून जमलेली नसतानाही!

हे आत्ता सांगायचं कारण, आपल्याकडे २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं. चांगलंच आहे. पण साठवणुकीचा नवा 'विक्रम' कोणी सांगितला, तर टाळ्या वाजवण्याआधी दोनच प्रश्न विचारू या: किती तापमानाला? किती दाबाला?

आणि पुढच्या वर्षी तोच गट कमी आकडा घेऊन आला, तर त्याची खिल्ली उडवू नका. विज्ञान असंच पुढे जातं. तसं करणाऱ्याचा निधी कापला, तर खरा आकडा आपल्याला पुन्हा कोणी सांगणार नाही.