मुंबई उपनगरांतील कांदळवनांचे पुनरुज्जीवन

मुंबई उपनगरांतील कांदळवनांचे पुनरुज्जीवन म्हणजे भराव, बांध, राडारोडा व सांडपाणी यांमुळे ऱ्हास पावलेल्या खारफुटीच्या दलदलींत भरती-ओहोटीचे नैसर्गिक अभिसरण पुन्हा सुरू करून तेथे वनस्पती व जलचर पुनःस्थापित करण्याची प्रक्रिया होय. पश्चिमेस गोराई, मनोरी, चारकोप, मालाड व वर्सोवा येथील खाड्यांलगत आणि पूर्वेस ठाणे खाडीच्या काठी मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर या भागांत ही वने आढळतात.

वनस्पती

'कांदळ' हे नाव खरे तर ऱ्हायझोफोरा या प्रजातीचे. पुढे ते सबंध वनालाच मिळाले. मुंबईच्या खाड्यांत मात्र प्राबल्य आहे ते तिवराचे, कारण दूषित पाणी व अतिक्षारता सहन करण्याची त्याची शक्ती मोठी आहे. चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली त्याची श्वसनमुळे हवेतील प्राणवायू घेतात. त्यांवर गाळाचा, प्लॅस्टिकचा किंवा मुरुमाचा थर बसला की झाड गुदमरते. त्याला कुऱ्हाड लावावी लागत नाही. तिवराखेरीज चिप्पी, काजळा, हुरा, मारांडी इत्यादी जाती येथे आढळतात. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला.

कार्बनसाठा

पाण्याखालील चिखलात प्राणवायू नसल्याने पाने, मुळे व फांद्या फार सावकाश कुजतात आणि त्यांतील कार्बन गाळात साचत राहतो. थंड प्रदेशांतील पीटभूमीचे कार्यही याच तत्त्वावर चालते. पृथ्वीच्या भूपृष्ठाचा केवळ सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या पीटभूमीत जगातील सर्व अरण्यांच्या वनस्पतींत आहे त्याहून अधिक कार्बन साठलेला आहे. दोन्ही ठिकाणी दलदल कोरडी पडली की हा साठा हवेच्या संपर्कात येऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. उपाय मात्र वरवर पाहता उलटे आहेत. पीटभूमीत पाणी अडवण्यासाठी चर बुजवावे लागतात, तर कांदळवनात पाणी आत येण्यासाठी बांध फोडावे व चर खणावे लागतात.

ऱ्हास व न्यायालयीन संरक्षण

मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यातील अनेक दलदलींचे पूर्वी मिठागरांत रूपांतर झाले होते. मिठागराचा बांध तुटला तर तिवर परत येऊ शकतो. इमारतीच्या भरावाखाली गेलेली जमीन सहसा परत मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली व उपनगरे पाण्याखाली गेली. बुजवलेल्या खाजणांचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटीची तोड व तिच्याभोवतीच्या ५० मीटरांत भराव व बांधकाम यांस मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग ठरवला आणि नष्ट झालेली वने पूर्ववत करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

वन विभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. शासकीय मालकीची बरीच कांदळवने राखीव वने म्हणून अधिसूचित झाली आहेत. विक्रोळीची कांदळवने मात्र खासगी मालकीची असून गोदरेज समूहाने ती दीर्घकाळ जतन केली आहेत.

पद्धती

प्रथम पाणी कोठे अडले आहे याचा शोध घेतला जातो. राडारोडा काढून, बांधांना खिंडारे पाडून किंवा मुख्य चराला फाटे काढून भरतीचे पाणी आतवर नेले जाते. आसपास फळधारी झाडे असल्यास तिवराचे बी पाण्याबरोबर वाहत येऊन आपोआप रुजते. तशी सोय नसल्यास रोपवाटिकेतील पिशव्यांत वाढवलेली रोपे लावतात. पाण्याची वाट मोकळी न करता केलेली लागवड सहसा टिकत नाही. तरीही लागवडीचे यश किती रोपे लावली यावर मोजण्याची सवय अजून गेलेली नाही. किती रोपे तीन-चार वर्षांनी जिवंत आहेत, हा खरा प्रश्न होय.

जैवविविधता

कांदळवनांच्या मुळांत कोळंबी, बोय, जिताडा यांची पिल्ले वाढतात. चिंबोरी व निवटी ही कोळी समाजाच्या परिचयाची प्राणिसंपदा येथलीच. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यापैकी सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

रोहित व अन्य पाणपक्षी मात्र उघड्या चिखलपट्ट्यांवर चरतात. खाडी गाळाने भरत असल्याने तिवर या पट्ट्यांवरही पसरत आहे. अशा जागी मुद्दाम लागवड केल्यास पक्ष्यांचे चराऊ क्षेत्र घटते, म्हणून प्रत्येक रिकामा चिखल हा 'ओसाड' समजणे चुकीचे ठरते.

आकडेवारी व वाद

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार राज्यातील कांदळवनाचे क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये ३२४ झाले. दुसरीकडे, मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेसाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. अशा प्रकल्पांत भरपाईची लागवड अन्यत्र केली जाते. तिवर तोडलेल्या खाडीत मासेमारी करणाऱ्यांना दूरच्या लागवडीचा उपयोग होत नाही, आणि जुन्या गाळातील कार्बनही नव्या रोपांखाली लगेच साचत नाही.