चार गुंठे टोमॅटो

मी ज्या कंपनीत नोकरी करते ती शेतकऱ्यांना मेसेज पाठवते. पाऊस कधी येणार, कुठली फवारणी करायची, सोयाबीन पेरायचं की थांबायचं. माझ्याकडे त्यामागच्या यंत्रणेचं काम आहे: कुठल्या फोनवर, किती वाजता, कुठल्या भाषेत. किती जणांनी मेसेज उघडला हे डॅशबोर्डवर दिसतं. उघडल्यानंतर शेतात काय झालं ते दिसत नाही.

गेल्या जूनमध्ये मी घरी होते, वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. बाबा ओसरीवर बसले होते आणि त्यांचा फोन वाजला. माझ्याच यंत्रणेने पाठवलेला मेसेज होता: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. बाबांनी तो वाचला, बोटाने बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी पेरणी केली. शेजारच्या वावरात ट्रॅक्टर लागला होता म्हणून. मग पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणीची वेळ आली.

मी म्हटलं, "बाबा, मेसेज आला होता ना?"

"आला होता. पण त्याले आपलं वावर कुठं मालूम हाय?"

आमच्या डॅशबोर्डवर तो मेसेज 'वाचला' या रकान्यात मोजला गेला असणार. त्या रात्री मी झोपेऐवजी शोधत बसले की हा प्रश्न आपल्याआधी कोणाला पडला होता का. पडला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत. आणि त्यावर काढलेला तोडगा असा होता की बाप ऐकत नसेल तर त्याचा नाद सोडा, पोराला गाठा.

इलिनॉय राज्यातल्या मकूपिन काउंटीत विल ऑटवेल नावाचा गृहस्थ शेतकरी मेळावे भरवायचा. मेळाव्याला प्राध्यापक यायचे, शेतकरी यायचे नाहीत. पुस्तकं वाचून शेती सांगणाऱ्यांबद्दल तिथल्या बापांचं मत माझ्या बाबांपेक्षा फार वेगळं नव्हतं. १९०० च्या सुमारास ऑटवेलने जाहीर केलं की जो मुलगा पत्र पाठवेल त्याला चांगल्या मक्याचं बी फुकट मिळेल. ते पेरायचं आणि आलेली कणसं पुढच्या मेळाव्यात स्पर्धेला आणायची. सुमारे ५०० मुलांनी बी मागवलं. पुढच्या मेळाव्याला मुलं कणसं घेऊन आली आणि मुलांच्या मागे त्यांचे आईबापही आले. सभागृह भरलं.

मला हे वाचून आधी हसू आलं आणि मग थोडा मत्सर वाटला. आमच्याकडे 'एंगेजमेंट' वाढवण्यासाठी अख्खी टीम आहे.

असे प्रयोग मग ठिकठिकाणी दिसू लागले. ओहायोमध्ये ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकाने १५ जानेवारी १९०२ ला स्प्रिंगफील्डच्या कोर्टाच्या तळघरात मुलामुलींना गोळा केलं आणि त्यांचं शेती मंडळ काढलं. मुलं आपापल्या शेतातली माती आणून लिटमस कागदाने आम्लता तपासायची. आयोवात जेसी फील्ड या शिक्षिकेने शाळा सुटल्यावर मंडळं चालवली. ती पुढे काउंटीच्या शाळांची अधीक्षक झाली आणि तिने गणिताचं पुस्तकच शेतीवर लिहिलं. तीन पानांच्या क्लोव्हरचा बिल्लाही तिचाच. पुढे त्याची चार पानं झाली, प्रत्येक पानावर एक 'एच': डोकं, हृदय, हात, आरोग्य. आज जगभर 'फोर-एच' म्हणून जी मंडळं ओळखली जातात त्यांचं हे चिन्ह.

त्या काळच्या आयोवात बियाण्याची तपासणी हा जवळजवळ धर्मप्रचार होता. १९०४ मध्ये तिथे चांगल्या बियाण्याचा प्रचार करणाऱ्या रेल्वेगाड्या फिरल्या. तपासणी मात्र अगदी साधी. लांब फडक्यावर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात एकेका कणसाचे थोडे दाणे ठेवायचे, फडकं गुंडाळून ओलं करायचं आणि उबेत ठेवायचं. काही दिवसांनी उलगडलं की कुठल्या कणसाचं बी उगवतं ते दिसतं. त्या गुंडाळीला तिथली मुलं चिंध्यांची बाहुली म्हणायची. हे फडकं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

खरी गोष्ट दक्षिणेत घडली, कापसाच्या मुलखात. मेक्सिकोतून आलेला एक सोंडवाला भुंगा १८९२ च्या सुमारास टेक्सासच्या कापसात शिरला आणि दरवर्षी पुढे सरकत गेला. (आपली गुलाबी बोंडअळी निराळी. पण २०१७ मध्ये विदर्भात ज्यांनी बोंड फोडून आतली अळी पाहिली आहे त्यांना त्या मुलखातली धास्ती समजावून सांगायला नको.) सीमन नॅप हा सत्तरीचा माणूस तिथे सरकारतर्फे गेला. त्याचा सिद्धान्त असा की शेतकरी ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, पण स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेऊ शकत नाही. १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावी त्याने एका शेतकऱ्याच्या शेतावर प्रयोग लावला. गावातल्या लोकांनी आधी निधी उभा केला होता, नुकसान झालं तर भरून देण्यासाठी. आम्ही मेसेज पाठवतो तेव्हा नुकसानीचा निधी कोणी उभा करत नाही.

नुसत्या कापसावर विसंबू नका, मका लावा, हे बापांच्या गळी उतरवायला पुन्हा मुलंच कामी आली. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत विल्यम स्मिथ या शाळा अधीक्षकाने १९०७ मध्ये १२० मुलांचं मका मंडळ काढलं. नॅपच्या खात्याने त्याला वर्षाला १ डॉलर पगारावर सरकारी सहकारी नेमलं. एक डॉलर कशासाठी? तर सरकारी माणूस झाल्यावर त्याला टपाल फुकट होतं. १२० मुलांना सूचना, बातम्या, स्पर्धेचे नियम पाठवायचे तर तिकिटांचा खर्च कोण करणार? सरकार आणि शेतकरी पोरं यांच्यातली पहिली अधिकृत भागीदारी ही अशी पोस्टाच्या तिकिटावरून झाली. मी रोज ज्या यंत्रणेवर काम करते तिचा हा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही.

मुलांना एक एकर मिळायचा. बापाच्याच शेतातला, पण निर्णय मुलाचा. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या पंधरा वर्षांच्या जेरी मूरने त्या एका एकरात २२८ बुशेल आणि वर पाऊण बुशेल मका काढला. आपल्या हिशेबाने साधारण ५८ क्विंटल. त्या भागात एकरी २० बुशेल झाले तरी पीक बरं समजलं जायचं. ही बातमी देशभर गेली. पण नुसतं उत्पादन मोजलं तर पोरं बापाच्या पैशाने खताच्या गोण्याच ओततील, हेही उघड होतं. म्हणून मका मंडळांची गुणपद्धत मला त्या विक्रमापेक्षा जास्त आवडली. उत्पादनाला ३० गुण. नफ्याला ३०. दहा कणसांच्या प्रदर्शनाला २०. आणि उरलेले २० गुण लेखनाला: हे पीक मी कसं काढलं, याची मुलाने स्वतः लिहिलेली हकिगत.

म्हणजे मुलाला नोंदवही ठेवावी लागायची. नांगरटीला किती तास गेले, खत कितीचं, खुरपणी किती वेळा, विकलं कितीला. अनेक घरांत त्या वर्षीचा खरा हिशेब ठाऊक असलेला माणूस तेरा-चौदा वर्षांचा असणार.

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरी हिशेबाची वही बाबांच्या कपाटात असते. मी बारावीत गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळवले, इंजिनिअर झाले, लाखो फोनवर मेसेज पाठवणारा कोड लिहिते. आमच्या साडेचार एकरांवर कर्ज किती आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, तेही आई बोलता बोलता बोलून गेली म्हणून. ती वही मला कोणी नाकारली नाही. ती मुलीला दाखवायची असते हे कोणाच्या मनातच आलं नाही, आणि मागायची असते हे माझ्या.

म्हणून मेरी क्रोमरची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. साउथ कॅरोलायनाच्या एकेन काउंटीत ती शिक्षिका होती. मुलांसाठी मका मंडळं निघतात, मग मुलींनी काय करायचं, असा तिचा प्रश्न. १९१० मध्ये तिने मुलींचं टोमॅटो मंडळ काढलं. प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा. गुंठ्यांत सांगायचं तर चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचे, काढायचे, शिजवून डब्यांत बंद करायचे, विकायचे, आणि पैसे आपले. पहिल्या वर्षी केटी गंटर या मुलीने ५१२ डबे भरले आणि बक्षीस म्हणून तिला विन्थ्रॉप कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलींच्या अशा हकिगतींच्या छोट्या वह्या तिथल्या दप्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत. वर हाताने रंगवलेला टोमॅटो, आत जमाखर्च. टोमॅटोमागे किती सेंट पडले आणि किती सुटले. हा मोठा क्रांतिकारी कार्यक्रम होता असं मी म्हणणार नाही. मुलगी चांगली गृहिणी व्हावी हा हेतू त्यात स्पष्ट होता. पण स्वतःच्या नावाचे चार गुंठे, स्वतःच्या नावाचा डबा आणि स्वतःच्या अक्षरातला हिशेब! हेतू काही असो, पैसे मोजलेल्या मुलीला ते न मोजल्यासारखं करता येत नाही.

८ मे १९१४ ला स्मिथ-लीव्हर कायदा झाला. कृषी महाविद्यालयातलं ज्ञान गावापर्यंत नेण्यासाठी केंद्राचा पैसा कायमचा आला आणि ही मंडळं त्या व्यवस्थेचा भाग झाली. आता बातमी पोहोचवायला पगारी माणूस होता, छापील पत्रकं होती. कोणाला पोहोचवायची, हे ज्याच्या हातात पैसा त्याने ठरवलं. पैशाची वाटणी राज्यांच्या विधिमंडळांकडे होती आणि दक्षिणेत तो मुख्यतः गोऱ्यांच्या कॉलेजांकडे गेला. काळ्या मुलांची मंडळं वेगळी, त्यांचे कार्यकर्ते वेगळे, पगार कमी. थॉमस कॅम्पबेल हा त्यांच्यातला पहिला सरकारी कार्यकर्ता. १९०६ मध्ये तो टस्कीगीहून घोडागाडीत अवजारं आणि बियाणं भरून गावोगाव जायचा. १९२७ पासून मंडळांचं राष्ट्रीय शिबिर वॉशिंग्टनला भरू लागलं, पण काळ्या मुलांना त्यात जागा नव्हती. त्यांचं स्वतंत्र विभागीय शिबिर १९४८ मध्ये सुरू झालं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वेगळ्या व्यवस्था कागदावर एक झाल्या. तरीही नॉर्थ कॅरोलायनातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८६ मध्ये न्यायालयाने पगारातल्या भेदभावाबद्दल काळ्या कर्मचाऱ्यांची बाजू उचलून धरली, मुलांच्या मंडळांबाबत मात्र सांगितलं की सदस्यत्व ऐच्छिक आहे, तेव्हा एकाच वर्णाची मंडळं उरली असली तरी त्यात कायदाभंग नाही.

'ऐच्छिक' हा शब्द वाचून मी आमच्या गावचा शेतीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. कोणालाही येता येतं. १४३ सदस्य. वस्तीवरचं एकही नाव मला सापडलं नाही, आणि बाई तर एकही नाही. निंदणीला जाणाऱ्या सगळ्या बायाच असतात.

आपल्याकडे हा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध रीतीने तपासला गेला होता, हे मला या शोधातच कळलं. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा करायची, आणि प्रश्न रेडिओला परत पाठवायचे. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांत माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या, पण मंडळ नसलेल्या गावांत अगदी थोडी. कार्यक्रम तोच, आवाज तोच.

हे मी आमच्या कंपनीतल्या बैठकीत मांडलं. चर्चा होऊन ठरलं की मेसेज सकाळी सातऐवजी सहाला पाठवून बघू.

या मे महिन्यात मी आठ दिवस सुट्टी घेऊन घरी गेले. माझा चुलतभाऊ आठवीत आहे. त्याला आयोवाच्या त्या फडक्याची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "ताई, हे तर आपल्याकडे बारदान्यावर करतात." खरंच करतात, कृषी सहायक दरवर्षी सांगतात. आमच्या घरी कोणी कधी केलं नव्हतं. आम्ही घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून शंभर दाणे मोजले, ओल्या बारदान्यावर दहाच्या रांगा लावल्या, गुंडाळून मोरीजवळ ठेवलं. त्याने वहीवर तारीख टाकली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम त्याचं.

सहाव्या दिवशी बारदाना उलगडला. एकसष्ट उगवले होते. सत्तरच्या खाली गेलं तर एकरी बियाणं वाढवावं लागतं, एवढं त्याला माहीत होतं. त्याने तिथेच बसून त्रैराशिक मांडलं.

बाबा चहा घेऊन बाहेर आले. उभ्याउभ्याच पाहिलं, मग कप खाली ठेवून उकिडवे बसले आणि एक-एक कोंब बोटाने बाजूला करत स्वतः मोजायला लागले. एकसष्टच भरले.

"दुसऱ्या पोत्यातलं टाकून पाह्य बरं," ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कपाटात वही हाय. मागच्या साली बी कितीचं आणलं ते काढ."