शुद्धिपत्रातून संवादाकडे : ‘प्लेटो’ यंत्रणेतील लेखनव्यवहार

लेखनाविषयीची एक फार जुनी आणि अजूनही न मिटलेली तक्रार प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आढळते. लिहिलेल्या शब्दाला प्रश्न विचारला तर तो पुन्हा तेच सांगतो. कोणाशी बोलावे आणि कोणापुढे गप्प राहावे याचा विवेक त्याला नसतो. कोणी त्याचा विपर्यास केला तर बचावासाठी त्याला आपल्या जनकाला हाक मारावी लागते, असा सॉक्रेटिसचा आक्षेप आहे. १९६० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना येथे, डोनाल्ड बिट्झर या विद्युत अभियंत्याच्या नेतृत्वाखाली संगणकाद्वारे अध्यापन करणारी एक यंत्रणा आकाराला आली आणि तिचे नाव ‘प्लेटो’ असे ठेवण्यात आले. हे एका लांबलचक तांत्रिक नावाच्या आद्याक्षरांचे रूप होते. नाव देणाऱ्यांच्या मनात ‘फीड्रस’ असण्याचे काहीच कारण नाही. तरीही पुढच्या पंधरा वर्षांत या यंत्रणेत जे घडले ते त्या जुन्या आक्षेपाला दिलेल्या उत्तरासारखे वाचता येते, आणि ते उत्तर यंत्रणेच्या योजकांनी योजलेले नव्हते.

योजना वेगळीच होती. १९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी जी धास्ती निर्माण झाली, तिच्यापोटी १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा आला. त्याच वर्षी बी. एफ. स्किनर या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने शिक्षणयंत्रांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पाठ्यविषयाचे अतिशय लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याअखेरीस प्रश्न विचारायचा, उत्तर बरोबर आले की लगेच तसे कळवायचे आणि पुढे न्यायचे, ही त्या क्रमान्वित अध्ययनाची रीत. तुकडे इतके लहान असावेत की शिकणाऱ्याच्या हातून चूक सहसा होऊच नये, हा तिचा आदर्श होता. साहित्यविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर ही पूर्णतः बंदिस्त संहिता होय. तीत वाचकाने भरायच्या रिकाम्या जागा असतात, परंतु त्या जागी काय भरायचे हे आधीच ठरलेले असते. वुल्फगांग इझरने ज्या रिक्त जागांतून वाचकाची सर्जकता पाहिली, त्यांचे हे विडंबनच म्हणावे लागेल.

‘प्लेटो’ची आरंभीची रचना याच विचारविश्वातली होती. मात्र तिच्यात प्रारंभापासून एक फट होती. १९६७ साली पॉल टेन्झर यांनी या यंत्रणेसाठी ‘ट्यूटर’ नावाची आज्ञाभाषा तयार केली. संगणकशास्त्र न शिकलेल्या अध्यापकालाही पाठ लिहिता यावेत हा तिचा उद्देश. त्यामुळे पाठ लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, आणि यंत्रणेत प्रवेश करणाऱ्यांचे वर्गही ठरले : कोणी ‘लेखक’ म्हणून प्रवेश करी, कोणी ‘शिक्षक’ म्हणून, तर कोणी ‘विद्यार्थी’ म्हणून. लेखकाला यंत्रणेत बरेच हिंडता येई; विद्यार्थ्याचा वावर शिक्षकाने नेमून दिलेल्या पाठांपुरता राही. लेखक आणि वाचक ही जोडी साहित्यशास्त्रात संकल्पना म्हणून वावरते; येथे ती प्रवेशपत्रावर छापलेली होती.

१९७२ पासून यंत्रणेची चौथी आवृत्ती वापरात आली. तिच्या टर्मिनलवर नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा होता. बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली शोधलेल्या प्लाझ्मा पटलाचे ते प्रगत रूप. बोटाने स्पर्श करून उत्तर देण्याचीही सोय त्याच्यावर होती. टर्मिनले दूरध्वनीच्या तारांनी मध्यवर्ती संगणकाला जोडलेली असल्यामुळे दूरदूरच्या शाळा-महाविद्यालयांतील माणसे एकाच वेळी एकाच यंत्रावर काम करू लागली. परंतु ती परस्परांना दिसत नव्हती. प्रत्येक जण आपापल्या पाठापुढे एकटा होता.

हा एकांत मोडला तो यंत्रणेतील दोषांमुळे. नव्या आवृत्तीत बिघाड पुष्कळ होते आणि ते कळवण्यासाठी एक उघडी संचिका ठेवलेली होती. तीत कोणीही लिहावे, कोणीही खोडावे. लिहिणारे बहुधा आपली आद्याक्षरे टाकीत, पण तशी सक्ती नव्हती. दुसऱ्याच्या नोंदीत फेरफार करता येत होता, सगळी संचिका पुसूनही टाकता येत होती. हस्तलिखित पोथीच्या समासात पिढ्यान्‌पिढ्या टिपणे साचत जातात आणि ती कोणाची हे पुढे कोणाला सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की पोथीला जे घडायला शतके लागत ते येथे एका दुपारी घडे. या गोंधळावर उपाय म्हणून डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने १९७३ च्या उन्हाळ्यात ‘नोट्स’ हा कार्यक्रम लिहिला. प्रत्येक टिपेला स्वतंत्र पडदा, तिच्यावर लिहिणाऱ्याची ओळख आणि दिनांक आपोआप उमटलेला, आणि तिच्याखाली एकामागून एक प्रतिसाद नोंदवण्याची सोय, अशी त्याची साधी घडण होती. यंत्रणेविषयीच्या घोषणा, मदतीच्या विचारणा आणि सर्वसाधारण टिपा असे तिचे तीन विभाग पाडण्यात आले.

येथे जरा थांबायला हवे. १९६९ च्या आपल्या व्याख्यानात मिशेल फूको याने लेखकनामाचा संबंध शिक्षेशी जोडला होता : लिहिणाऱ्याला जबाबदार धरण्याची गरज निर्माण झाली तेव्हा संहितेला मालक मिळाला. ‘नोट्स’मध्ये नाव चिकटले तेही संचिकेच्या रक्षणासाठीच. पण त्याचा परिणाम मात्र फूकोच्या विवेचनात सहजी बसत नाही. नाव आणि दिनांक आल्याबरोबर टिपेला उत्तर देणे शक्य झाले. कोणाला उत्तर द्यायचे ते कळू लागले. नाव हे येथे मालकीची खूण राहिलेच, परंतु त्याहून अधिक ते पत्ता बनले. ज्या शब्दाला प्रश्न विचारला असता तो मुका राहतो अशी सॉक्रेटिसची तक्रार होती, त्याच्याखालीच आता प्रश्न लिहिता येत होता, आणि शब्दाचा जनक दुसऱ्या गावातून का होईना, बचावाला येत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस डग ब्राउन यांच्या ‘टॉकोमॅटिक’ या कार्यक्रमाने तात्काळ संभाषण शक्य केले. तीत पडद्याचे भाग पाडलेले असत आणि प्रत्येकाचे लेखन त्याच्या भागात अक्षराअक्षराने, टंकले जात असतानाच, इतरांना दिसे. अडखळणे, शब्द खोडून दुसरा घालणे, वाक्य अर्धवट सोडणे हे सारे दृश्य होते. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये विवेचिलेली ‘दुय्यम मौखिकता’ प्रामुख्याने ध्वनिमाध्यमांची; येथे मौखिकतेचे गुण लेखनातच उतरले होते. आज रूढ असलेली संदेशप्रणाली पूर्ण झालेले वाक्यच पुढे पाठवते. हा बदल सोयीचा असेल. विचार घडताना पाहण्याची संधी मात्र त्यात गेली.

१९७६ मध्ये कोणत्याही विषयावर नवी टीपवही उघडण्याची मुभा मिळाली आणि टीपवह्यांचे पेव फुटले. चित्रपट, संगीत, धर्म, विज्ञानकथा. आणि अर्थात पाठ कसे लिहावेत याचीही चर्चा. शुद्धिपत्र म्हणून जे सुरू झाले त्याचा असा समाज बनला. चूक टाळणे हा ज्या अध्यापनपद्धतीचा आदर्श, तिच्याच यंत्रात चूक सांगण्याच्या जागेवरून माणसे एकमेकांना शिकवू लागली, ही घटना शिक्षणतंत्राच्या इतिहासात जितकी लक्षणीय तितकीच वाचनव्यवहाराच्या इतिहासातही आहे. तिचे अकारण उदात्तीकरणही करू नये. या टीपवह्यांत मुक्तपणे लिहिणारे बहुतांशी ‘लेखक’ या वर्गातले होते. शिकणाऱ्यांतील पुष्कळ तरुणांनी हा दर्जा मिळवला हे खरे. पण तो मिळवावा लागत होता.

याच सुमारास, १९७१ साली, इव्हान इलिच यांचे शाळामुक्त समाजाची कल्पना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्यात त्यांनी एकाच विषयाची आवड असणाऱ्या समशीलांची गाठ घालून देणारी संगणकीय व्यवस्था सुचवली होती : माणसाने नाव, पत्ता आणि आपल्या आवडीचा विषय कळवावा, यंत्राने त्याला जोडीदारांची नावे द्यावीत. यंत्राकडे शिकवण्याचे काम नाहीच, केवळ ओळख करून देण्याचे. अशा व्यवस्थेला काय म्हणावे याविषयी इलिच साशंक होते. इंग्रजीतील रूढ शब्द दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना, म्हणजे इतरांनी निवडलेला मजकूर पोचवणाऱ्या व्यवस्थांना, वापरला जात होता. शिवाय अशा शब्दांना सापळ्याचा वास येतो, ही त्यांची अडचण. मराठीतील ‘जाळे’ हा शब्द याहून निर्दोष नाही. तो कोळ्याचा आहे आणि पारध्याचाही.

‘प्लेटो’चे मूल्यमापन झाले ते पाठांचे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सामुदायिक महाविद्यालयांतील वापराची जी पाहणी झाली, तिच्यात विद्यार्थ्यांना व शिक्षकांना यंत्र आवडल्याचे आढळले. परीक्षेतील यशात मात्र सातत्यपूर्ण फरक आढळला नाही. टीपवह्यांतील देवघेव मोजणे हे त्या पाहणीचे कामच नव्हते. ज्याची नोंद होत नाही ते शिक्षण नव्हे, हा समज तेथूनही पुढे चालू राहिला. कंट्रोल डेटा या कंपनीने व्यापारी पातळीवर विकायला काढले तेही पाठच. टीपवहीची कल्पना वेगळ्या वाटेने गेली : विद्यार्थिदशेत ‘प्लेटो’वर काम केलेले रे ओझी यांनी तिच्यावरून ‘लोटस नोट्स’ घडवले आणि ते १९८९ मध्ये बाजारात आले, पण कार्यालयांसाठी.

हेच द्वंद्व पुढे नव्या नावांनी परतलेले दिसते. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातर्फे जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास, विनाशुल्क सहभागी झालेले दोन हजारांहून अधिक. सहभागींनी आपापल्या ठिकाणी लिहायचे आणि ते लेखन एकत्र जोडले जायचे, हाच तेथे पाठ होता. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला सुमारे एक लाख साठ हजारांनी नोंदणी केली. तेथे लहान लहान दृश्यफिती, त्यांच्यामागून प्रश्न, आणि यंत्राने केलेली तपासणी होती. पहिल्यासाठी घडवलेले नाव दुसऱ्याला मिळाले आणि भांडवलही दुसऱ्याकडेच गेले. स्किनरचे तुकडे नव्या वेष्टनात आले असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

मार्च २०२० नंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे वर्गही भ्रमणध्वनीवर आले. कवितेचा तास, टिपणांच्या पीडीएफ प्रती, उपस्थितीच्या सूचना या साऱ्यांसाठी व्हॉट्सॲपचे गट निघाले. या गटांत एक तांत्रिक सोय आहे : संदेश केवळ गटप्रमुखानेच पाठवावा, इतरांनी वाचावा, अशी कळ लावता येते. गोंगाट नको म्हणून अनेक वर्गगटांना ती लावली गेली. मग विद्यार्थ्यांनी शिक्षकाला वगळून दुसरे गट काढले. आणि टिपणातील चूक कोणती, कवितेतील अडलेल्या ओळीचा अर्थ काय, हे तेथे विचारले जाऊ लागले.