अंगणातली शाळा

लहान मुलाचे शिक्षण म्हणजे पाटी, पेन्सिल आणि बाई, अशी आपल्यापैकी पुष्कळजणींची समजूत असते. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शिक्षणशास्त्रावर मी काही सांगावे, हा माझा अधिकार नव्हे. परंतु आपल्याकडे बालशिक्षण कसे आले याची हकीकत वाचली, आणि ती प्रत्येक आईला ठाऊक असावी असे वाटले, म्हणून हे चार शब्द.

१९०७ सालच्या जानेवारीत रोम शहरात डॉ. मारिया माँटेसोरी यांनी गरीब वस्तीतल्या एका चाळवजा इमारतीत पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे मुले मोकाट हुंदडत. त्यांची सोय राहत्या इमारतीतच झाली. तेथे मुले गुंडी लावीत, हात धूत, पाणी न सांडता ओतीत, केर काढीत. असे करता करता बोटांना वळण लागते, नजर ठरते आणि मग लिहिणे सोपे जाते, असे बाईंना आढळून आले. म्हणजे आपण ज्याला घरकाम म्हणतो, तोच तेथे पहिला धडा होता.

आपल्याकडे गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. १९२६ साली या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविले. परंतु शहरातल्या मुलांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्यांच्याबरोबर काम करू लागल्या अनुताई वाघ. अनुताईंना तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांतच वैधव्य आले होते, आणि तशातून त्या जिद्दीने शिकल्या होत्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. बोर्डीला बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आईबाप मजुरीला जाणार, मग वेळेवर त्यांना आणून सोडणार कोण? ताराबाईंनी पालकांना बोल लावला नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे नेऊ, असे त्यांनी ठरविले. वस्तीतल्या अंगणात त्या जाऊन बसल्या. मुलांची तोंडे धुवावी, नखे कापावी, केस विंचरावे, मग गाणी आणि खेळ. विकतची महाग साधने नव्हती. शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने. यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला.

पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. तेथे मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत, मुलगे गुरे राखीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एके ठिकाणी ठेविली. धाकटे पाळणाघरात, थोरली वर्गात. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. घराच्या दिनक्रमाला शाळा जुळवून घेत होती. शाळेसाठी घर मोडावे लागत नव्हते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना नावही अंगणवाडी असेच दिले.

भगिनींनो, हे सर्व सांगण्याचे कारण असे. आपल्या आळीतल्या एका तीन वर्षांच्या मुलीला शाळाप्रवेशाच्या वेळी अक्षरे ओळखता आली नाहीत, म्हणून नाकारण्यात आले. तिची आई आठ दिवस नीट जेवली नाही. रोज रात्री दमल्या मुलीला पाटीपुढे बसविणे सुरू झाले आणि दोघींचे रडणे भिंतीपलीकडे ऐकू येऊ लागले. तीच मुलगी दुपारी माझ्याकडे येते तेव्हा वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या अचूक लावते आणि माणसे मोजून ताटे मांडते. तिला काही येत नाही, असे कोण म्हणेल?

घरातल्या कामांतच थोडी आखणी केली तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. सकाळी उठून मुलाने आपले पांघरूण घडी करावे. घडीत चौकोन, त्रिकोण आपोआप येतात. स्वयंपाकाच्या वेळी राजमा आणि वाटाणे एकत्र करून निवडायला द्यावेत; मात्र लहान मुले दाणे नाकात घालतात, म्हणून आपण जवळ बसावे. जेवणानंतर झोप ठरल्या वेळी. संध्याकाळी झाडांना तांब्याने पाणी. रात्री निजताना एक गोष्ट, आणि ती वडिलांनी किंवा आजोबांनी सांगावी. सगळा भार आईवर का? क्रम रोज तोच असला म्हणजे पुढे काय हे मुलाला कळते आणि हट्ट कमी होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे पायाची मानली असून, त्यांत खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपल्या मंडळात मुलांसाठी अक्षरलेखनाचा वर्ग काढण्याची सूचना आली आहे. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दोन तास, मंडळाची खोली लहान मुलांसाठी उघडी ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. दोन सतरंज्या, पाण्याची बादली, चार तांबे आणि शिंपल्यांचा एक डबा एवढे सामान पुरे. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांना आणण्यापोहोचविण्याचे काम आम्ही चाळिशीतल्या बायका पाळीपाळीने करू. सोमवारची पाळी माझी.