गेमिंगमधल्या शब्दांना विकिपीडियावर जागा मिळते का?

लाइव्ह स्ट्रीमवर कुणी हरलं की चॅटमध्ये ‘एफ’चा पाऊस पडतो. हे आलं कुठून? २०१४ च्या ‘कॉल ऑफ ड्युटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ या गेममध्ये लष्करी अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. तिथे कीबोर्डवरचं ‘एफ’ दाबून श्रद्धांजली वाहायची असते. याची भरपूर थट्टा झाली आणि पुढे ‘एफ’ म्हणजेच हळहळ असं ठरून गेलं.

इंग्रजी विकिपीडियावर यावर स्वतंत्र लेख आहे. मग प्रत्येक गेमिंग शब्दावर का नाही?

कारण विकिपीडिया हा शब्दकोश नाही, असा तिथला नियमच आहे. नुसता अर्थ द्यायचा तर विक्शनरी हा वेगळा प्रकल्प आहे. लेख हवा असेल तर त्या शब्दाबद्दल विश्वासार्ह आणि स्वतंत्र माध्यमांनी सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. शब्द लाखो लोकांच्या तोंडी आहे, एवढं पुरत नाही.

हा लेखी आधार मराठीतला असला तरी चालतो. पण तो आहे कुठे? आपल्या पोरांनी खेळता खेळता घडवलेल्या शब्दांवर कुणी लिहिलंच नाही, तर ते चॅटसोबतच पुसले जातील.

थोडक्यात, आधी नोंद घ्या, मग लेख.