विजय वैमानिकाचा कीं विमानाचा ?

घोड्यांच्या शर्यतींत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन ठेवितात, तें शिक्षा म्हणून नव्हे. दुबळ्या घोड्यालाही जिंकण्याची आशा राहावी म्हणून. हाच न्यायाचा प्रश्न आकाशांतील एका शर्यतीपुढेंही उभा राहिला. ती शर्यत ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानांची. वर चढणारी ऊन हवा हुडकून उंची मिळवावयाची, आणि ती उंची खर्चून पुढील ठिकाण गाठावयाचें, एवढेंच या विमानाचें भांडवल. परंतु लांब व सडपातळ पंखांचें, महागडें विमान तितक्याच उंचींत अधिक दूर जातें. मग विजय कोणाचा म्हणावा ?

हा खेळ वाढला जर्मनींत. व्हर्सायच्या तहानें त्या देशाच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधनें घातलीं, तेव्हां १९२० सालीं वासरकुप्पे डोंगरावर उत्साही तरुण आपापलीं ग्लायडरें घेऊन जमले. तेथेंच १९३७ सालीं पहिली जागतिक स्पर्धा भरली, व हायनी डिटमार विजयी झाला. पुढें १९४० च्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळावयाचें होतें. त्यासाठीं अगदीं सरळ उपाय योजण्यांत आला : सर्वांना विमान एकाच नमुन्याचें. १९३९ च्या फेब्रुवारींत इटलींतील सेझे येथें निरनिराळ्या देशांचीं विमानें पारखून हान्स याकोब्स याचें पंधरा मीटर पंखविस्ताराचें ‘मायझे’ निवडलें गेलें. परंतु महायुद्ध पेटलें आणि ते सामने झालेच नाहींत.

युद्धानंतर निराळी वाट धरण्यांत आली. विमान कोणतेंही असो, तें मर्यादेंत असावें. १९५८ सालीं पोलंडांतील लेश्नो येथें जागतिक स्पर्धेंत ‘स्टँडर्ड’ वर्ग सुरू झाला. पंखविस्तार पंधरा मीटरच. उडतां उडतां पंखांचा आकार बदलणाऱ्या ‘फ्लॅप’ झडपांना बंदी. विमान साधें व स्वस्त राहावें, हा हेतु. पण नियमाच्या कुंपणांतही कल्पकता स्वस्थ बसत नाहीं. फायबरग्लासचे गुळगुळीत पंख आले, किंमती चढल्या आणि झडपांवरून वाद माजला. अखेर १९७८ सालीं फ्रान्समधील शातोरू येथें झडपांच्या विमानांसाठीं निराळा पंधरा-मीटर वर्ग उघडावा लागला.

मग जुनें विमान बाळगणाऱ्या वैमानिकानें काय करावें ? त्याच्यासाठीं ‘क्लब’ वर्ग आहे. त्याची जागतिक स्पर्धा २००१ सालीं ऑस्ट्रेलियांत गॉलर येथें झाली. या वर्गांत मान्य यादींतील विमानांनाच प्रवेश मिळतो. वेगासाठीं पंखांत पाण्याचें ओझें भरण्यास मनाई असते, आणि प्रत्येक विमानाला त्याच्या गुणाप्रमाणें एक आंकडा दिलेला असतो. वैमानिकाच्या वेगास त्या आंकड्यानें भागावयाचें. समजा, १·०८ आंकड्याचें विमान ताशीं १०५ किलोमीटर गेलें व १·०० आंकड्याचें १०० किलोमीटर. पहिल्याचा हिशेबी वेग सुमारें ९७ भरतो, आणि जुनें विमान जिंकतें.

हा तराजू अगदीं निर्दोष मात्र नाहीं. आंकडा सर्वसाधारण हवामान धरून ठरलेला असतो. वारा व ऊन कोणाचीच यादी पाहून वागत नाहींत. तरीही शर्यतीच्या सकाळीं जुन्या विमानाचा वैमानिक आपण आधींच हरलों, असें मानून बसत नाहीं. नियमांच्या या खटाटोपाचें खरें फळ तेंच होय.